स्पार्क प्लग कधी बदलायचे आणि कोणते टाकायचे

आधी तुमच्या गाडीचं सरळ उत्तर देतो, कारणं मागून. तुम्ही सांगितलंय ते असं: २०१८ची चार सिलिंडरची पेट्रोल गाडी, रीडिंग ४६,०००, प्लग कंपनीतून आलेलेच. रोजचं चालवणं कोल्हापुरातल्या राजारामपुरीतलं घर ते शाहूपुरीतलं दुकान. सकाळी दोन-तीन सेल्फ मारावे लागतात आणि कोकणातून परत येताना करूळ घाटात गाडी धक्के मारते. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात इरिडियम टाका, गल्लीतला मेकॅनिक म्हणतो आहेत तेच पॉलिश पेपर मारून बसवू. तुमचा प्रश्न, ऐकायचं कुणाचं?

प्लग बदला, चारही एकदम. गाडीच्या पुस्तकात जो नंबर छापलाय तोच घ्या. तुमच्या गाडीत मुळात साधे निकेलचे प्लग असतील, आणि ४६,००० म्हणजे त्यांचं आयुष्य संपलेलं आहे. इरिडियम टाकायलाच हवेत असं नाही. पॉलिश पेपर मात्र नको. आणि जुने चार प्लग निघाले की ते तिथेच कचऱ्यात जाऊ देऊ नका. कोणता कुठल्या सिलिंडरचा ते टेपवर लिहून बाजूला ठेवायला सांगा, कारण तुमच्या गाडीच्या दुखण्याचा अर्धा पत्ता त्या चार प्लगवर लिहिलेला असणार.

आता घाटातच धक्के का, ते बघू. कॉइल बॅटरीच्या १२ व्होल्टचे हजारो व्होल्ट करते, आणि ती वीज प्लगच्या दोन टोकांमधला गॅप उडी मारून ओलांडते. गॅप साधारण ०.८ ते १.१ मिलिमीटर. प्रत्येक ठिणगीबरोबर धातूचा अगदी सूक्ष्म कण झिजतो. हिशोब करून बघा: ताशी ६० च्या वेगाला इंजिन मिनिटाला २,००० फेरे फिरतंय असं धरलं, तर प्रत्येक प्लग मिनिटाला १,००० ठिणग्या टाकतो, म्हणजे किलोमीटरला १,०००. चाळीस हजार किलोमीटरला झाल्या चार कोटी. गावात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर चालणाऱ्या गाडीच्या याहून जास्त. एवढ्या ठिणग्यांनंतर टोकाची धारदार कड गोल होते आणि गॅप वाढतो. वीज धारदार कडेवरून सहज सुटते, गोल झालेल्या टोकावरून सुटायला जास्त व्होल्टेज लागतं. गॅप वाढला की आणखी जास्त.

सपाटीला हे कळत नाही. ॲक्सिलरेटर थोडाच दाबलेला असतो, सिलिंडरमध्ये हवा कमी जाते, दाब कमी असतो आणि ठिणगी कशीबशी पडते. घाटात चौथ्या गिअरवर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की सिलिंडर हवेने भरतो, दाब वाढतो, आणि दाबाखालच्या हवेतून ठिणगी पाडायला व्होल्टेजही तितकंच वाढवावं लागतं. कॉइलची ताकद तिथे अपुरी पडते. एखादी ठिणगी चुकते, तो सिलिंडर तेवढा फेरा रिकामा जातो, आणि तुम्हाला धक्का बसतो. म्हणून प्लग संपल्याची पहिली तक्रार बहुतेक वेळा चढावर येते. करूळ, आंबा, फोंडा, घाट कुठलाही असो, पन्हाळ्याचा चढसुद्धा पुरतो.

प्लग ढकलत नेण्यातला खरा तोटा ॲव्हरेजचा नाही. गॅप ओलांडायला कॉइलला रोज जास्त जोर लावावा लागतो, तिच्या आतलं इन्सुलेशन तापून फाटतं आणि एक दिवस कॉइल जाते. चार साध्या प्लगच्या पैशात एक कॉइलही येत नाही. त्याहून महाग नुकसान सायलेन्सरकडच्या, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं. ज्या फेऱ्यात ठिणगी चुकते त्यातलं न जळलेलं पेट्रोल तिथे जाऊन जळतं आणि आतली जाळी वितळवतं. डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा नुसता लागलेला असेल तर सावकाश गॅरेज गाठता येतं. तो उघडझाप करत असेल तर मिसिंग, म्हणजे ठिणगी चुकणं, जोरात चाललंय आणि कन्व्हर्टर तापतोय असं समजा, आणि जोर न लावता गाडी बाजूला घ्या.

किती किलोमीटरला बदलायचे, हे प्लगच्या धातूवर ठरतं. दुकानात ज्याला कॉपर प्लग म्हणतात त्याच्या फक्त गाभ्यात तांबं असतं, उष्णता वाहून न्यायला. ठिणगी पडते ते टोक निकेलच्या मिश्रधातूचं असतं. निकेल १,४५५ अंशाला वितळतं, प्लॅटिनम १,७६८ ला, इरिडियम २,४४६ ला. जितका चिवट धातू तितकी झीज कमी. म्हणून साधा प्लग ३०,००० ते ४०,००० किलोमीटर चालतो, प्लॅटिनम ६०,००० च्या पुढे, आणि चांगला इरिडियम लाखाच्या आसपास. इरिडियमचा दुसरा फायदा म्हणजे त्याचं मधलं टोक अगदी बारीक करता येतं. साध्या प्लगचं टोक अडीच मिलिमीटर जाडीचं, इरिडियमचं ०.४ ते ०.६ मिलिमीटर. बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टेजला सुटते, कॉइलवर ताण कमी येतो.

पण इरिडियमचा खोका बघून लगेच लाखभर किलोमीटर धरू नका. या नावाखाली दोन वेगळ्या जातींचे प्लग विकले जातात. एका जातीत मधल्या टोकावर इरिडियम आणि समोरच्या वाकड्या पट्टीवर प्लॅटिनम किंवा तसाच चिवट धातू असतो. हा खरा दीर्घायुषी. दुसऱ्या जातीत मधलं टोक इरिडियमचं, पण समोरची पट्टी साध्या निकेलची. ठिणगी छान पडते, पण पट्टी निकेलच्याच वेगाने झिजते आणि साध्या प्लगच्या थोडंसं पुढे जाऊन तोही संपतो. दुकानदार दोन्हींना इरिडियमच म्हणतो. विचारताना “दोन्ही टोकांना आहे का” असं विचारा, आणि खोक्यावर ‘लाँग लाइफ’ लिहिलंय का बघा.

तुमच्या गाडीला कोणते, याचं माझं मत असं. प्लग बोनेट उघडून वरच्या वर निघत असतील आणि पुस्तकात निकेलचा नंबर असेल, तर निकेलचेच टाका आणि वेळेवर बदला. पैसे कमी, काम तेच. गाडी अजून सात-आठ वर्षं ठेवायची आहे, आणि दर दोन-तीन वर्षांनी हे काम मागे नको आहे, तर त्याच कंपनीचा त्याच हीट रेंजचा (म्हणजे तेवढीच उष्णता बाहेर सोडणारा, खुलासा पुढे आहे) दोन्ही टोकांचा इरिडियम घ्या. त्याने पिकअप वाढेल, ॲव्हरेज वाढेल, असं कुणी सांगितलं तर ते धरून चालू नका. झिजलेल्या प्लगच्या जागी कुठलाही नवा प्लग टाकला की गाडी सुधारते. ती सुधारणा नवेपणाची असते, धातूची नसते.

उलट बाजूने मात्र सवलत नाही. गाडी कंपनीतूनच इरिडियम किंवा प्लॅटिनमवर आली असेल, तर पैसे वाचवायला निकेलवर उतरू नका. काही इंजिनांत एकाच कॉइलवर दोन सिलिंडर चालतात. तिथे प्लग दर फेऱ्याला ठिणगी टाकतो, म्हणजे दुप्पट वेळा, आणि जोडीतल्या एका प्लगमध्ये वीज मधल्या टोकातून पट्टीकडे तर दुसऱ्यात पट्टीतून मधल्या टोकाकडे धावते. म्हणून दोन्ही टोकं चिवट धातूची दिलेली असतात. तिथे साधा प्लग लवकर संपतो.

पुस्तकात किलोमीटरबरोबर महिनेही दिलेले असतात. त्यातलं जे आधी येईल ते पाळायचं. मालक पुण्याला नोकरीला आणि गाडी कोल्हापुरात शेडमध्ये, सणासुदीला बाहेर निघते, अशा गाड्या आपल्याकडे पुष्कळ. रीडिंग जेमतेम १५,००० आणि प्लग मात्र हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणात, इतकी वर्षं बसून आहेत की आटे गंजून धरून बसलेत. अशा गाडीचे प्लग किलोमीटरची वाट न बघता काढून बघावेत.

प्लग दर सर्व्हिसिंगला काढून साफ करायचे, ही शिकवण कार्बोरेटरच्या काळातली. तेव्हा पेट्रोलचं प्रमाण यंत्र नेमकं राखत नव्हतं, प्लग काळे व्हायचे. पेट्रोलमध्ये शिसंही असायचं. ते देशभर बंद झालं २००० साली. त्या शिशाचा थर प्लगवर बसायचा आणि तो काढणं भागच होतं. मारुती ८०० वर हात बसलेले मेकॅनिक आजही त्याच सवयीने प्लग घासतात, आणि तेव्हा ते बरोबरच होतं. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत प्लग सहसा घाण होत नाही, झिजतो. झिजलेला धातू घासून परत येत नाही. वायर ब्रश मारला तर लोखंडाचे कण मधल्या टोकाभोवतीच्या चिनी मातीच्या नाकाडावर चिकटतात आणि वीज तिथूनच पळते. रेतीच्या मशीनवर साफ केला तर रेतीचे कण आत अडकून सिलिंडरमध्ये पडतात. इरिडियमच्या बारीक टोकाला पॉलिश पेपर लावला तर ज्याचे पैसे मोजले तेच घासून टाकलं.

सीएनजीवर गाडी असेल तर हिशोब बदलतो. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे अर्धवट झिजलेला प्लग पेट्रोलवर चालतो आणि सीएनजीवर मिसिंग मारतो. ही खूण लक्षात ठेवा: पेट्रोलवर गाडी गुळगुळीत आणि गॅसवर धक्के, तर किटवाल्याकडे जायच्या आधी प्लग बघा. माझ्याकडे येणाऱ्या सीएनजी गाड्यांचे साधे प्लग मी २०,००० लाच बदलतो. कंपनीतून सीएनजी आलेल्या गाडीला पुस्तकातला गॅप जसाच्या तसा ठेवायचा. बाहेरून किट बसवलेल्या गाडीत साध्या प्लगचा गॅप ०.१ ते ०.२ मिलिमीटरने कमी केला की गॅसवर फरक पडतो.

टर्बो गाडीत स्वतःची अक्कल अजिबात चालवू नये. तिथे सिलिंडरमधला दाब मुळातच जास्त, म्हणून गॅप लहान आणि हीट रेंज नेमकी ठरवलेली असते. दिसायला सारखा आणि आट्यात बसणारा प्लग टाकला, तर तो आतून तापून ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवू शकतो, आणि त्याची किंमत पिस्टन मोजतो. डिझेल गाडीवाल्यांनाही एवढं सांगून ठेवतो की तुमच्या इंजिनात स्पार्क प्लग नसतो. तुमचे ते हीटर प्लग, आणि त्यांचं काम फक्त थंडीत सुरुवातीला आतली जागा गरम करण्याचं.

एक अपवाद मुद्दाम सांगण्यासारखा. होंडा सिटीचं २००३ ते २००८ च्या काळातलं आय-डीएसआय इंजिन चार सिलिंडरचं असलं तरी त्याला आठ प्लग असतात, सिलिंडरला दोन. पुढचे चार चटकन दिसतात, मागच्या ओळीला हात घालायला कष्ट पडतात. अशी जुनी गाडी घेतली आणि “प्लग बदललेत” असं कुणी सांगितलं, तर किती बदललेत ते विचारा.

आता नंबर. प्लगच्या निवडीत ब्रँडपेक्षा नंबर मोठा, आणि नंबर वाचता आला की दुकानदार फसवू शकत नाही. एनजीकेचा ‘बीपीआर६ईएस-११’ हा नमुना घ्या. ‘बी’ म्हणजे आट्याचा व्यास १४ मिलिमीटर. ‘पी’ म्हणजे चिनी मातीचं नाकाड थोडं पुढे आलेलं. ‘आर’ म्हणजे आत रेझिस्टर. ‘६’ ही हीट रेंज. ‘ई’ म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर. ‘एस’ म्हणजे साधं टोक. शेवटचे ‘११’ म्हणजे गॅप १.१ मिलिमीटर. यातलं एकही अक्षर चुकलं तर तो वेगळा प्लग झाला.

‘आर’ नसलेला प्लग टाकला तर ठिणगीचा विद्युत गोंधळ रेडिओत खरखर करतो आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या सेन्सरनाही त्रास देतो. लांबी जास्त असली तर प्लगचं टोक पिस्टनला लागू शकतं. लांबी कमी पडली तर हेडमधले खालचे आटे उघडे राहतात, त्यांत कार्बन भरतो, आणि पुढच्या वेळी योग्य प्लग बसतच नाही.

हीट रेंजवर जरा थांबतो, कारण इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. प्लगचं टोक साधारण ४५० ते ५०० अंशांच्या वर गेलं की त्यावरचा कार्बन आपोआप जळून जातो. ८०० च्या पुढे गेलं की ते निखाऱ्यासारखं लाल होऊन मिश्रण अवेळी पेटवायला लागतं. या दोन आकड्यांच्या मध्ये टोक राहावं एवढीच उष्णता प्लगने हेडकडे सोडायची असते. पटकन सोडतो तो थंड प्लग, सावकाश सोडतो तो गरम. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग थंड. बॉशमध्ये, जुन्या लोकांना जी मायको म्हणून माहीत आहे, बरोबर उलटं: आकडा वाढला की प्लग गरम. चॅम्पियनचंही तसंच. त्यामुळे एका कंपनीचा ६ काढून दुसऱ्या कंपनीचा ६ टाकणं म्हणजे काहीच न जुळवणं. ब्रँड बदलायचाच असेल तर त्या कंपनीच्या कॅटलॉगमध्ये तुमच्या गाडीचं नाव, साल आणि इंजिन बघून नंबर घ्या. आणि घाटात गाडी तापते म्हणून थंड नंबर टाका असा सल्ला कुणी दिला तर नको म्हणा. गाडी तापायचं कारण रेडिएटरमध्ये, पंख्यात किंवा थर्मोस्टॅटमध्ये शोधायचं असतं. गावात चालणाऱ्या गाडीत थंड प्लग टाकला तर तो कधी ४५० ला पोचणारच नाही आणि काळा पडत राहील.

तुमचं रोजचं चालवणं दोन-तीन किलोमीटरचं आहे. इंजिन गरम व्हायच्या आत तुम्ही दुकानात पोचता. प्लग स्वतःला साफ करण्याइतका तापतच नाही, म्हणून सकाळी दोन-तीन सेल्फ. नवे प्लग टाकल्यावरही आठवड्यातून एकदा हायवेला कागल किंवा पेठ नाक्यापर्यंत गाडी घेऊन जा. इंजिन, बॅटरी आणि सायलेन्सर तिघांनाही ते हवं असतं.

इथे इथेनॉलचा विषय निघतोच, आपला जिल्हा उसाचा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलला वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा जास्त उष्णता लागते, म्हणून थंड सकाळी झिजलेला प्लग ओला होऊन बसण्याची शक्यता थोडी वाढते. चांगल्या प्लगवर त्याचा परिणाम माझ्या पाहण्यात नाही, आणि त्यासाठी वेगळा प्लग घ्यायची गरज नाही. पेट्रोलच्या टाकीत ओतायच्या ऑक्टेन वाढवणाऱ्या बाटल्या मात्र टाळा. त्यांतल्या काहींत लोखंडाचं संयुग असतं. त्याने प्लगच्या नाकाडावर विटकरी तांबूस थर बसतो, आणि तो थर वीज वाहून नेतो. प्लग दिसायला नवा, पण गाडी मिसिंग.

आता त्या बाजूला ठेवलेल्या जुन्या प्लगांकडे. नाकाडाचा रंग फिकट तपकिरी किंवा करडा असेल तर इंजिन निरोगी, फक्त प्लगचं वय झालं. कोरडी काळी काजळी सगळ्या चारांवर असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा छोट्या फेऱ्या जास्त होताहेत. तुमच्या बाबतीत मला हेच अपेक्षित आहे, पण एअर फिल्टरही काढून बघा, विशेषतः शिरोलीच्या फाउंड्रीकडे जाणं-येणं असेल तर. काळा पण ओला, तेलकट असेल तर वरून व्हॉल्व्ह सील किंवा खालून रिंगांमधून ऑइल येतंय. तो खर्च प्लगने टळणार नाही. पांढराफटक, फोड आलेला, टोक वितळल्यासारखं दिसणारा प्लग म्हणजे इंजिन फार तापतंय किंवा पेट्रोल कमी पडतंय. नवा प्लग टाकून ती गाडी तशीच परत देऊ नये. चारांपैकी तीन तपकिरी आणि एकच धुतल्यासारखा स्वच्छ असेल, तर त्या सिलिंडरमध्ये कूलंट शिरतंय का, हेड गॅस्केट गेलंय का, ते तपासायला हवं. चार सारखे असतील तर कारण सगळ्या इंजिनाचं, एकच वेगळा असेल तर कारण त्या एका सिलिंडरचं. वाचायची किल्ली एवढीच.

बाहेरची पांढरी चिनी मातीही बघा. लोखंडी अंगाला लागून तपकिरी कडं दिसलं तर अनेक जण कॉम्प्रेशन गळतंय म्हणून घाबरवतात. तो उच्च व्होल्टेजमुळे हवेतल्या तेलकट कणांचा बसलेला डाग असतो, त्याने काही बिघडत नाही. पण उभी काळी रेघ दिसली तर वीज आतून न जाता बाहेरून पळाली आहे. कॉइलचा रबरी बूट चिरलाय, तोही बदला, नाहीतर नव्या प्लगवर तशीच रेघ येईल. बुटाला किंवा प्लगच्या खोबणीत ऑइल लागलेलं असेल तर टॅपेट कव्हरच्या पॅकिंगचं काम निघालं. पावसाळ्यात आणि वॉशिंग सेंटरवर प्रेशरने बोनेटखाली पाणी मारल्यावर याच खोबणीत पाणी साचतं आणि दुसऱ्या दिवशी गाडीचा एक सिलिंडर बंद पडतो. त्या वेळी प्लग न बदलता कॉइल काढून हवा मारली तरी काम होतं.

प्लग बदलूनही मिसिंग राहिलं तर अंदाजाने चार कॉइल विकत घेऊ नका. इंजिनाच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावा. ‘पी०३०१’ म्हणजे पहिला सिलिंडर चुकतोय, ‘पी०३०२’ म्हणजे दुसरा. पहिल्याची कॉइल तिसऱ्यावर टाका आणि गाडी फिरवून आणा. कोड ‘पी०३०३’ झाला तर कॉइल दोषी. पहिल्यावरच राहिला तर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन बघायचं. कॉइल बाहेर काढून प्लग इंजिनाला टेकवून ठिणगी बघायची जुनी पद्धत आताच्या गाड्यांवर करू नका. झटका जबरदस्त असतो, आणि ठिणगीला वाट मिळाली नाही तर कॉइलही जाते.

बसवण्याच्या कामात घाई नको. हेड ॲल्युमिनियमचं असतं, आटे मऊ असतात. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच प्लग सोडायचे. गरम असताना पाना मारला तर प्लगबरोबर आटेही येतात. कॉइल काढली की खोबणीत आधी हवा मारायची, नाहीतर आपली तांबडी माती आणि वाळू थेट सिलिंडरमध्ये. नवा प्लग हातातून फरशीवर पडला तर तो वापरू नका, आतली चिनी माती चिरलेली बाहेरून दिसत नाही. गॅप फिलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) तपासा. इरिडियमला मात्र मधल्या टोकाला काहीही टेकवू नका. तो कंपनीतून गॅप करून येतो.

प्लग आधी हाताने बसवायचा. सॉकेट आणि एक्स्टेन्शन घ्या, रॅचेट लावू नका. आधी उलटा फिरवा, आटा आट्यावर पडल्याचं बोटांना कळतं, मग सुलटा. चार-पाच फेरे हाताने सहज गेले पाहिजेत. अडकला तर काढून पुन्हा लावा. शेवटी टॉर्क रेंच: १४ मिलिमीटरच्या प्लगला ॲल्युमिनियम हेडमध्ये २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिलिमीटरच्याला १५ ते २०. टॉर्क रेंच नसेल तर वॉशर असलेला नवा १४ मिलिमीटरचा प्लग हाताने टेकल्यावर अर्धा ते दोनतृतीयांश फेरा, बस. फक्त वॉशर असलेल्यांना हा हिशोब लागू. वॉशर नसलेल्या, निमुळत्या बसणीच्या प्लगला सोळावा हिस्सा फेराही पुरतो. आट्यांना ग्रीस किंवा अँटी-सीझ लावायची सवय सोडा. नव्या प्लगच्या आट्यांवर मुलामा असतो, आणि वरून वंगण लागलं की त्याच जोराने प्लग जास्त आवळला जातो.

आटे गेलेच तर लगेच नवं हेड घेऊ नका. उद्यमनगरात हेलिकॉइल किंवा बुश बसवून आटे पुन्हा करून देणारी चांगली माणसं आहेत. फक्त ते काम करताना बुरादा सिलिंडरमध्ये पडू नये म्हणून हेड उतरवून घ्यायला सांगा. गाडीवरच करून देतो म्हणणाऱ्याला थोडं थांबवा.

प्लग कुठून घ्यायचे? बिल देणाऱ्या अधिकृत विक्रेत्याकडूनच. नकली प्लग बाजारात भरपूर, आणि इरिडियमचे जास्त, कारण नफा तिथेच. हातात घेतल्यावर तीन गोष्टी बघा. वाकडी पट्टी मधल्या टोकाच्या बरोबर समोर आहे का. वॉशर सहज गळून पडतो का, कारण असली प्लगवर तो आट्यांवरून सुटत नाही असा दाबलेला असतो. अंगावरचा नंबर खोक्यावरच्या नंबराशी अक्षरन् अक्षर जुळतो का. भाव बाजारापेक्षा फार कमी असेल तर या तिन्ही गोष्टी बघायचीही गरज नाही.

शेवटी पुराबद्दल, कारण तुमचं दुकान शाहूपुरीत आहे आणि २०१९ आणि २०२१ दोन्ही वर्षी पंचगंगेचं पाणी त्या भागात आलेलं आपण पाहिलंय. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. ३९ ची बातमी आली की गाडी उंचावर हलवा. तरीही गाडी बुडाली तर पाणी ओसरल्यावर सेल्फ मारून बघू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी बॅटरीची वायर काढा, गाडी टो करून आणा. मग सगळे प्लग काढायचे, क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने फिरवायचं म्हणजे पाणी प्लगच्या भोकातून बाहेर येतं. इंजिन ऑइल दुधाळ दिसो वा न दिसो, फिल्टरसकट बदलायचं, सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडून पुन्हा हाताने फिरवायचं, कॉइल आणि कनेक्टर वाळवायचे. नवे प्लग त्यानंतर, आणि सेल्फ सगळ्यात शेवटी.